एक दिवस आणि अठ्ठावन्न वर्षे

१९५३ साल हे हिमालयाच्या इतिहासात एव्हरेस्टचे साल म्हणून ओळखले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या वर्षी २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी जगाच्या माथ्यावर उभे राहिले. ती बातमी आपल्याकडे घरोघर पोचली. तेनसिंगचा हसरा चेहरा कॅलेंडरांवर आला आणि शाळेतल्या पोरांनाही एव्हरेस्टची उंची पाठ झाली. या आनंदाच्या गर्दीत, त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी हिमालयाच्या दुसऱ्या टोकाला घडलेली एक गोष्ट आपल्या नजरेतून जवळजवळ निसटून गेली. ३ जुलै १९५३ या दिवशी एक अठ्ठावीस वर्षांचा ऑस्ट्रियन तरुण रात्री अडीच वाजता आपल्या तंबूतून एकटाच बाहेर पडला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता तो नंगा पर्वताच्या शिखरावर पोचला. त्याच्याजवळ प्राणवायूची नळकांडी नव्हती, दोराला बांधलेला सोबती नव्हता. त्या शिखरावर त्यापूर्वी मनुष्याचे पाऊल कधीच पडले नव्हते.

त्याचे नाव हेर्मान बूल. आठ हजार मीटरांहून उंच अशी जी चौदा शिखरे पृथ्वीवर आहेत, त्यांपैकी एखाद्यावर पहिले पाऊल एकट्यानेच ठेवणारा तो एकच माणूस. एका दिवसाचे हे काम. पण त्या दिवसाचा हिशेब मांडायला बसले, की तो अठ्ठावन्न वर्षे मागे जातो. आणि हिशेब नीट मांडला नाही, तर त्या दिवसाचे खरे मोलही समजत नाही.

प्रथम हा पर्वत कोठे आहे ते पाहू. तिबेटातून येणारी सिंधू लडाख, बाल्टिस्तान ओलांडून गिलगिटच्या बाजूला जाते आणि मग एकदम दक्षिणेकडे वळते. त्या वळणाच्या कुशीत, हिमालयाच्या अगदी पश्चिम टोकाला नंगा पर्वत उभा आहे. त्याची उंची ८,१२६ मीटर, म्हणजे २६,६६० फूट. उंचीच्या क्रमाने जगात नववा. आपल्या सह्याद्रीतले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तिच्यासारख्या जवळजवळ पाच एकीवर एक ठेवल्या, तर या पर्वताची बरोबरी होईल. परंतु उंचीपेक्षाही त्याचा उभार विलक्षण आहे. एव्हरेस्टच्या भोवती दुसरी उत्तुंग शिखरे दाटीने उभी आहेत, म्हणून त्याची उंची डोळ्यांत भरायला वेळ लागतो. नंगा पर्वत मात्र एकटा आहे. सिंधूच्या तापलेल्या, उजाड दरीपासून पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत तो सुमारे सात हजार मीटर वर चढतो. त्याच्या दक्षिणेचा रूपालचा कडा साडेचार हजार मीटरांहून अधिक उंच आहे; एवढा मोठा कडा जगात दुसरा दाखवता येणार नाही. त्या कड्यांवर बर्फसुद्धा ठरत नाही, म्हणून तो नंगा. आसपासचे लोक त्याला दियामीर म्हणतात.

या पर्वतावर पहिली मोहीम गेली ती १८९५ साली. आल्बर्ट ममरी हा इंग्रज आल्प्समधला नावाजलेला गिर्यारोहक. थोडी माणसे, थोडे सामान आणि स्वतःच्या हातापायांवर भरवसा, ही त्याची पद्धत. आठ हजार मीटरांचे शिखर म्हणजे काय, तिथली हवा किती विरळ, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. आल्प्सचे शिखर चढावे तसे हेही चढता येईल, अशी त्याची समजूत होती. रघुबीर थापा आणि गोमान सिंग या दोन गुरख्यांना घेऊन २४ ऑगस्ट रोजी तो पलीकडच्या राखिओत दरीत उतरण्यासाठी एका उंच खिंडीकडे निघाला. तिघेही पुन्हा कोणाला दिसले नाहीत. आठ हजारी शिखरांच्या इतिहासातला हा पहिला बळी. आणि त्या तिघांत दोघे आपल्या बाजूचे होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यानंतर सदतीस वर्षे या पर्वताकडे कोणी मोठ्या तयारीने फिरकले नाही. १९३२ साली म्युनिकचा विली मेर्कल जर्मन आणि अमेरिकन गिर्यारोहकांची मोहीम घेऊन आला. त्यांनी उत्तरेकडून, राखिओत हिमनदीवरून जाणारी वाट शोधून काढली. शिखर मिळाले नाही, पण पर्वतावर कोणी दगावलेही नाही. दैवाची गंमत अशी, की त्या मोहिमेतला रँड हेरॉन हा अमेरिकन नंगा पर्वतावरून सुखरूप उतरला आणि घरी परतताना इजिप्तमध्ये एका पिरॅमिडवरून पडून मेला.

१९३४ साली मेर्कल पुन्हा आला, आणि या खेपेला तयारी मोठी होती. आरंभीच आल्फ्रेड ड्रेक्सेल फुप्फुसाच्या विकाराने गेला. तरीही मोहीम पुढे सरकली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाच गिर्यारोहक आणि अकरा शेर्पा अशी सोळा माणसे ‘रुपेरी खोगीर’ नावाच्या बर्फाच्या खिंडीवर, सुमारे साडेसात हजार मीटरांवर पोचली. शिखर आता हाताशी आले, असे सर्वांना वाटत होते. त्या रात्री वादळ सुरू झाले. एक दिवस वाट पाहिली, वादळ थांबेना. तेव्हा उतरायला सुरुवात झाली, आणि ती उतरण म्हणजे हिमालयातली सर्वांत लांबलेली शोकांतिका ठरली. आशेनब्रेनर आणि श्नायडर हे दोघे पुढे निघून खाली पोचले. मागे राहिलेल्यांत वीलांड, वेल्त्सेनबाख, खुद्द मेर्कल आणि सहा शेर्पा दिवसेंदिवस गारठत, उपाशी, एकेक करून संपले. शेवटी मेर्कलबरोबर दोन शेर्पा उरले : आंग त्सेरिंग आणि गायले. आंग त्सेरिंग वादळातून वाट काढीत, हिमदंश झालेल्या पायांनी खाली आला आणि त्यानेच हकिगत सांगितली. गायले आला नाही. तो आपल्या साहेबापाशी थांबला. चार वर्षांनी, १९३८ साली, दोघांचे देह शेजारी शेजारी सापडले, आणि मेर्कलच्या खिशात वेल्त्सेनबाखने मदतीसाठी लिहिलेली चिठ्ठी होती. ज्या जागी ते सापडले तिथे काळा खडक बर्फातून वर आलेला आहे. त्याला मोरेनकोप्फ म्हणतात. हे नाव आपल्याला पुन्हा लागणार आहे.

मध्यंतरी १९३७ साली आणखी एक मोहीम येऊन गेली होती. जूनच्या चौदा तारखेच्या रात्री चौथ्या छावणीत सात गिर्यारोहक आणि नऊ शेर्पा झोपले होते. वरून हिमकडा कोसळला आणि सोळाही जणांना त्याने झोपेतच गाडले. उकरून काढल्यावर त्यांच्या घड्याळांचे काटे मध्यरात्रीनंतर लवकरच थांबलेले दिसले. एका छावणीत एका रात्री सोळा माणसे, असा हा पर्वत.

१९३९ साली चार जणांची एक छोटी तुकडी पश्चिमेकडची वाट पाहायला आली. त्यांत हाइन्रिख हारर आणि पेटर आउफश्नायटर होते. पाहणी करून ते कराचीला बोटीची वाट पाहत बसले, तोच युरोपात युद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले. हाररला प्रथम आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. तिथून देवळाली आणि मग डेहराडून. डेहराडूनहून १९४४ साली तो निसटला आणि ल्हासाला जाऊन पोचला, ती हकिगत पुढे जगभर वाचली गेली. नंगा पर्वताची एक वाट अशी अहमदनगरवरून गेलेली आहे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

शेवटी १९५० च्या डिसेंबरात थॉर्नली आणि क्रेस हे दोन इंग्रज तरुण भर हिवाळ्यात वर गेले आणि नाहीसे झाले. त्या मोहिमेत तेनसिंग होता. अशा दिवसांत त्या पर्वतावर चढणे त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पटले नव्हते, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले.

बेरीज करा. १८९५ चे तीन, १९३४ चे दहा, १९३७ चे सोळा, १९५० चे दोन : एकतीस. ज्या शिखरावर अद्याप कोणी चढलेले नव्हते, त्याने एकतीस माणसे घेतली होती. आणि त्यांतली निम्म्याहून अधिक माणसे, म्हणजे सतरा, गुरखा किंवा शेर्पा होती. शिखराची कीर्ती त्यांना मिळायची नव्हती, त्यांना मिळायची ती मजुरी.

आता बूलकडे वळू. त्याचा जन्म १९२४ साली इन्सब्रूक शहरात झाला. चार वर्षांचा असताना आई वारली. काही काळ अनाथाश्रमात गेला. मुलगा किरकोळ आणि आजारी. अशा पोराने डोंगर चढावा, असे कोणाला सुचले नसते. पण त्याच्या गावाच्या चारी बाजूंना डोंगर होते, आणि त्याला त्यांचे वेड लागले. बुटाला पैसे नसत. लांबच्या डोंगरापर्यंत जायचे तर सायकल. हाताला थंडीची सवय व्हावी म्हणून हिवाळ्यात मुठीत बर्फाचे गोळे धरून तो रस्त्याने हिंडत असे, आणि लोक त्याला हसत.

१९५२ च्या उन्हाळ्यात त्याने केलेली एक चढाई सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर पित्स बादिले नावाचा डोंगर आहे; त्याचा ईशान्येचा कडा गुळगुळीत दगडाचा. १९३७ साली तो प्रथम चढला गेला तेव्हा पाच जणांना तीन दिवस लागले, आणि त्यांतले दोघे थकव्याने उतरताना मेले. बूल रात्रभर सायकल मारीत तिथे गेला, एकट्याने, दोराचा आधार न घेता, साडेचार तासांत तो कडा चढला, पलीकडून उतरला आणि पुन्हा सायकलवर बसला. घरी परतताना त्याला सायकलवरच झोप लागली आणि तो इन नदीत जाऊन पडला! थंड पाण्याने जागा झाला तेव्हा सायकल मोडलेली होती, आणि उरलेली वाट तुडवायचीच होती. पुढच्या वर्षी हिमालयाला निघण्यापूर्वी त्याने वात्समान पर्वताचा प्रचंड पूर्वकडा भर हिवाळ्यात, रात्री, एकट्याने चढून पाहिला. बेत कोणाला न सांगता तो स्वतःची परीक्षा घेत होता.

या परीक्षांमागे एक विचार होता. उंच, उघड्या कड्यावर माणूस जितका वेळ राहील तितका तो धोक्यात राहील. वादळ, दगडांचा मारा, थंडी, थकवा हे सारे वेळेचे हिशेब आहेत. सोळा माणसे, त्यांचे तंबू, त्यांचे अन्न वर न्यायचे तर आठवडे लागतात, आणि तेवढ्या आठवड्यांत वादळ कधी ना कधी गाठतेच. १९३४ साली तेच झाले. उलट एका माणसाने हलके राहून एकाच दिवसात जाऊन यावे. मात्र तो दिवस हुकला तर त्याला सोडवायला कोणी येणार नाही. ममरीची जुनी पद्धत ती हीच. तिच्यात फायदा आणि मरण दोन्ही एकाच गाठीत बांधलेले आहेत.

१९५३ ची मोहीम काढली ती डॉ. कार्ल हेर्लिगकोफर याने. हा म्युनिकचा डॉक्टर, विली मेर्कलचा सावत्र भाऊ. मोहिमेला त्याने मेर्कलच्या स्मृतीचेच नाव दिले होते. चढाईची सूत्रे होती पीटर आशेनब्रेनरकडे. १९३४ च्या वादळातून जिवंत उतरलेल्या दोघांपैकी तो एक. पाकिस्तानने शेर्पांना येऊ दिले नाही, म्हणून हुंझा खोऱ्यातले पहाडी लोक हमाल म्हणून घेतले. त्यांनी असले काम पूर्वी फारसे केले नव्हते. तरी महिनाभर त्यांनी त्या हिमनदीवरून, कोसळत्या बर्फाखालून ओझी वर नेली. जून सगळा वाईट हवेत गेला.

जून संपता संपता वरच्या छावणीत चौघे होते : बूल, ओटो केम्प्टर, वाल्टर फ्राउएनबर्गर आणि हान्स एर्टल. तळावरून निरोप आला, सर्वांनी खाली या. या निरोपाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला. पण ज्याने आपल्या सोबत्यांना त्याच धारेवर वादळात गमावले होते, त्या आशेनब्रेनरला मोसमी वाऱ्यांची धास्ती वाटली असेल तर तिला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण एवढीच होती, की तळ खाली होता आणि आकाश वर होते. वर हवा स्वच्छ झालेली होती. चौघांनी हुकूम मोडला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा निरोप आला तरी ते उतरले नाहीत. २ जुलैला हुंझा हमालांच्या मदतीने त्यांनी मोरेनकोप्फच्या जवळ, ६,९०० मीटरांवर एक लहानसा तंबू ठोकला. बूल आणि केम्प्टर तिथे राहिले. बाकीचे मागे आले.

येथे एव्हरेस्टशी ताडून पाहावे. तेनसिंग आणि हिलरी यांचा शेवटचा तंबू २७,९०० फुटांवर होता; तिथून शिखर अकराशे फूट. प्राणवायू घेऊन त्यांना चढायला पाच तास लागले. बूलच्या तंबूपासून शिखर चार हजार फूट वर होते, आणि वाट सुमारे सहा किलोमीटरांची, चढउतारांची. कोणत्याही शहाण्या नेत्याने मध्ये आणखी एक तरी छावणी घातली असती.

रात्री अडीचला बूल निघाला. केम्प्टर तयार व्हायला वेळ लागत होता. तो मागून येणार होता. पहाटे चांदण्यात धार चढून सातच्या सुमारास बूल रुपेरी खोगिरावर पोचला. केम्प्टर मागे एक ठिपका दिसत होता. मग तो ठिपका थांबला आणि परत फिरला. केम्प्टरच्या अंगात शक्ती उरली नव्हती, आणि ते ओळखून फिरण्याइतके त्याचे डोके शाबूत होते. आता पुढे रुपेरी पठार : सुमारे तीन किलोमीटरांची बर्फाची पाटी. वाऱ्याने कोरलेले बर्फाचे कंगोरे, आणि वरून असे ऊन की आठ हजार मीटरांच्या जवळ माणूस थंडीऐवजी उकाड्याने कासावीस व्हावा. एका पावलाला कित्येक श्वास. पठाराच्या टोकाशी त्याने पाठीवरची पिशवीही ठेवून दिली. कॅमेरा, निशाणे आणि कोकाच्या पानांचा चहा भरलेली बाटली एवढेच त्याने जवळ घेतले. ऊबदार बंडी पिशवीतच राहिली. संध्याकाळच्या आत परत येऊ, असा त्याचा अंदाज होता.

दुपारी दोनच्या सुमारास तो बाझिन खिंडीत आला. येथून शिखराची खरी धार सुरू होते : एका बाजूला रूपालचा कडा थेट खाली गेलेला, दुसऱ्या बाजूला बर्फाचा उतार, मध्ये दगडांचे उभे सुळके. अंगात त्राण नव्हते. त्याने पेर्विटिनच्या गोळ्या घेतल्या. महायुद्धात जर्मन सैनिकांना जागे ठेवण्यासाठी देत असत ते हे औषध; शरीराची उद्याची ताकद ते आज खर्चायला लावते. ही गोष्ट बूलने लपवली नाही, म्हणून आपणही ती गाळू नये. सुळक्यांना हातांनी लोंबकळत, वळसे घेत तो सहा वाजता शिखराच्या खांद्यावर आला, आणि सात वाजता, शेवटी शेवटी हातापायांवर रांगत, माथ्यावर पोचला.

माथ्यावर त्याने आपली बर्फकुऱ्हाड रोवली, तिला टिरोलचे निशाण बांधून फोटो घेतले. मग टिरोलचे निशाण काढून पाकिस्तानचे बांधले, आणि ती कुऱ्हाड खूण म्हणून तिथेच ठेवली. बायकोसाठी एक लहानसा दगड खिशात टाकला. सूर्य बुडत होता, आणि बूल उतरू लागला तो दोन काठ्यांच्या आधाराने. कुऱ्हाड आता माथ्यावर होती.

थोडे अंतर उतरतो न उतरतो तोच एका बुटाला बांधलेल्या लोखंडी काट्यांचा पट्टा निसटला. एका पायाला काटे, दुसरा पाय नुसता, खाली घसरण. रात्री नऊच्या सुमारास अंधाराने त्याला एका उभ्या उतारावर गाठले. दोन पावले मावतील एवढा दगड होता. त्यावर तो उभा राहिला. एका हाताने वरचा खडक धरला, दुसऱ्या हातात काठ्या. बसायला जागा नाही, अंगावर पांघरूण नाही, दोर नाही, खायला काही नाही. रक्त फिरते राहावे म्हणून आणलेल्या गोळ्या त्याने गिळल्या. उंची सुमारे आठ हजार मीटर. डुलकी लागे, तोल जाऊ लागताच जाग येई.

त्या रात्री वारा नव्हता. या साऱ्या हकिगतीत हेच एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. त्या उंचीवर वारा नसलेली रात्र किती दुर्मिळ, ते १९३४ च्या सोळा जणांना विचारायला हवे होते. थोडा जरी वारा सुटला असता, तर बूल बत्तिसावा ठरला असता. आणि आज आपण त्याच्या धैर्याऐवजी त्याच्या हुकूम मोडण्यावर बोललो असतो.

पहाटे चारला तो हलला. पाय लाकडासारखे झाले होते. त्या दिवशी त्याच्याबरोबर कोणीतरी चालत होते. म्हणजे तसे त्याला सारखे वाटत होते. आपले हातमोजे कोठे गेले, असे त्याने त्या सोबत्याला विचारले, आणि ते तू हरवलेस असे उत्तरही त्याला ऐकू आले. वळून पाहिले तर कोणी नाही. विरळ हवा, तहान आणि थकवा यांच्यामुळे असा भास अनेक गिर्यारोहकांना झालेला आहे. बूलच्या भासाकडे पाहताना मात्र एवढे मनात येतेच : एकटा निघालेल्या या माणसालाही शेवटी सोबतीची गरज लागली, आणि ती नव्हती तेव्हा त्याच्या मनाने ती उभी केली.

खरी सोबत खाली होती. ४ जुलैला एर्टल आणि फ्राउएनबर्गर वरच्या तंबूपाशी आले होते. बूल दिसत नव्हता. वाट पाहताना फ्राउएनबर्गरने एक काम केले : मेर्कल आणि त्याच्या सोबत्यांच्या स्मरणार्थ आणलेली पाटी त्याने मोरेनकोप्फच्या खडकात बसवली. आणखी एका नावाची भर पडणार की काय, हे त्याच्या मनात आल्याशिवाय राहिले नसेल. संध्याकाळी खोगिराच्या उतारावर एक ठिपका हलताना दिसला. सातच्या सुमारास, निघाल्यापासून एकेचाळीस तासांनी, बूल तंबूशी पोचला. एर्टलने त्याचा घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा तो चेहरा साठी उलटलेल्या म्हाताऱ्याचा दिसतो : ओठ फुटलेले, कातडी सुरकुतलेली, डोळे खोल गेलेले.

पुढचा भाग तितकासा गोड नाही. हिमदंशामुळे उजव्या पायाच्या दोन बोटांचा भाग कापावा लागला. हुकूम मोडल्याची कटुता तळावर होतीच. घरी परतल्यावर ती कोर्टापर्यंत गेली. हकिगत कोणी लिहायची, करार कोणी मोडला, असे वाद झाले. बूल खरोखर शिखरावर गेला होता का, अशी शंकाही काहींनी काढली. १९९९ साली एका जपानी मोहिमेतल्या गिर्यारोहकाला शिखरावर बूलची कुऱ्हाड सापडली. सेहेचाळीस वर्षे ती तिथे साक्षीला बसली होती.

ते पाहायला बूल नव्हता. ९ जून १९५७ रोजी त्याने तिघा सोबत्यांसह काराकोरममधले ब्रॉड पीक सर केले. वरच्या छावण्यांना हमाल नाहीत, प्राणवायू नाही, ओझी स्वतःच वाहिलेली. अवघ्या अठरा दिवसांनी चोगोलिसा नावाच्या शिखरावरून वादळात परत फिरताना त्याच्या पायाखालचा बर्फाचा छज्जा तुटला आणि तो दरीत गेला. बरोबरच्या कुर्ट डीमबेर्गरला मागे वळून पाहिल्यावर कोणी दिसले नाही. पावलांची रांग मात्र छज्जाच्या तुटलेल्या कडेपर्यंत गेली होती. देह मिळाला नाही. वय बत्तीस.

आज आठ हजारी शिखरे थोड्या माणसांनी, हलक्या सामानाने, एका धावेत चढण्याचे कौतुक होते, आणि त्या वाटेचा आद्य पुरुष म्हणून बूलचे नाव घेतात. ते खरे आहे. परंतु ३ जुलैचा दिवस त्याने एकट्याने चाललेला असला, तरी तो एकट्याचा नव्हता. तो ज्या तंबूतून निघाला तो तंबू हुंझा हमालांनी पाठीवर आणलेला होता. त्याच्या पायाखालची वाट मेर्कलच्या माणसांनी शोधलेली होती. रुपेरी खोगिरावर रेंगाळू नये, हे त्याला शिकवण्यासाठी तिथे दहा माणसांपैकी नऊ जणांनी आपला जीव मोजला होता. वेगाने जा आणि वेगाने ये, हा त्याचा नियम पर्वताने आधी इतरांकडून लिहवून घेतलेला होता. आणि हुकूम न मानता फ्राउएनबर्गर आणि एर्टल वर थांबले नसते, तर ४ जुलैच्या संध्याकाळी त्याला कोणाच्या दिशेने चालायचे, हेच कळले नसते.

म्हणून त्या साऱ्या हकिगतीतला मला सर्वांत आवडणारा क्षण शिखरावरचा नाही. बूलनेच लिहून ठेवले आहे, की तो तंबूशी पोचला तेव्हा एर्टल काहीच बोलू शकला नाही. डोळे लपवण्यासाठी तो कॅमेऱ्यामागे वाकला. शिखर मिळाले का, हे त्या दोघांनी विचारलेच नाही. त्यांनी त्याचे बूट काढले, त्याला चहा पाजला आणि पाय चोळीत बसले. एकोणीस वर्षांपूर्वी याच खडकाशी गायले असाच कोणापाशी तरी बसून राहिला होता. फरक एवढाच, की या खेपेस खाली उतरायला तिघेही जिवंत होते.